किड्यांचा व्हिलन करायचाय? आधी त्यांचा निरोप कसा जातो ते ठरवा

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या टेबलावर डाइस टाकून खेळायच्या गोष्टीच्या खेळात पहिल्यांदा डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, झालेला माणूस व्हिलन शोधायला बसला की किड्यांवर येतोच येतो, काऊन की सोपं वाटतंय, खाली बोगदे, बोगद्यात मोठाल्या मुंग्या, शेवटच्या खोलीत राणी, राणी मारली की गोष्ट संपली. चालतंय, एक सेशन मजेत जातं. पण दुसऱ्या सेशनला प्लेयरच्या लक्षात येतं की मुंगी आली की मारायची, अजून आली की अजून मारायची, आणि मग टेबलावर नुसता डाइसचा आवाज. ज्यांनी चार-पाच सेशन खेळलेत आणि आता स्वतः गोष्ट चालवायची म्हणायलेत त्यांच्यासाठी हे लिहायलोय. सायन्स फिक्शनमधे शंभरावर वर्षं झाली, अंगं हजार पण मन एक असले शत्रू लिहिले जायलेत, त्यातलं काय उचलायचं आणि ते आपल्या मराठवाड्यातल्या शेताला, वारुळाला, कड्यावरच्या मोहोळाला कसं जोडायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी ठरवायची गोष्ट म्हणजे निरोप. एका किड्याला जे कळलं ते बाकीच्यांपर्यंत कसं जातं आणि किती वेळात जातं. हे ठरलं की व्हिलनची ताकदही कळते आणि त्याला हरवायचं कसं तेही कळतं, बाकी स्टॅट वगैरे नंतर.

नियमांचं एकदाच सांगून टाकतो. मी डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या एडिशनच्या भाषेत बोलणारय कारण तिचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली फुकट मिळतात, पीडीएफ उतरवा, डी२०, म्हणजे वीस बाजूंचा डाइस, नसेल तर मोबाईलवर डाइसचं ॲप घ्या, झालं. दुसरी कुठली सिस्टिम खेळत असाल तरी हे सगळं जमतंय.

आणि खेळ सुरू करायच्या आधी ग्रुपला विचारून घ्या, कुणाला किड्यांची खरोखरची भीती किंवा किळस आहे का. अळ्या, छिद्रं, अंगात शिरणारे किडे, हे काहींना अजिबात सहन होत नाही. कुणी नको म्हणलं तर कारण विचारत बसू नका, तेवढा भाग वगळा. कमी वर्णनातही व्हिलन भारी होतो.

पहिली पायरी : मन कुठं बसलंय

एच. जी. वेल्सनं १९०१ मधे चंद्रावरचे सेलेनाइट लिहिले, मुंगीसारखे, प्रत्येकाचं अंग त्याच्या कामापुरतं घडवलेलं, लहानपणीच बरणीत कोंबून फक्त हात बाहेर ठेवायचे म्हणजे मोठा झाल्यावर मशीन चालवायला बरा. वर बसलेला ग्रँड लूनर म्हणजे सगळा मेंदूच मेंदू. हाइनलाइनच्या १९५९ च्या 'स्टारशिप ट्रूपर्स'मधे मेंदूवाले किडे आणि राण्या जमिनीखाली लपलेल्या, वर येतात ते बाकीचे किडे, फक्त मरायला. ऑर्सन स्कॉट कार्डच्या १९८५ च्या 'एंडर्स गेम'मधे राणी हेच मन, राणी गेली की बाकीचे जागच्या जागी थांबतात. आणि टीव्हीवर १९८९ मधे 'स्टार ट्रेक'मधे बोर्ग आले, अंगात यंत्रं बसवलेली आणि सगळ्यांचं मन एक असलेली जमात, ते काही किडे नाहीत पण आपल्या कामाचे आहेत, कारण तेव्हा त्यांना राणीच नव्हती. राणी आली १९९६ च्या सिनेमात. मला बिनराणीचे बोर्गच जास्त भीतीदायक वाटतात, कारण बोलायला, धमकवायला, मारायला समोर कुणीच नाही.

आता खऱ्या मधमाश्यांकडं बघा. राणीमाशी हुकूम देत नाही. ती अंडी घालते, तिच्या अंगाच्या वासावरून बाकीच्यांना कळतं की राणी आहे, ठीक चाललंय. थवा नवीन जागा शोधायला निघतो तेव्हा टेहळणीच्या माश्या वेगवेगळ्या जागा बघून येतात आणि नाचून सांगतात, जागा चांगली असेल तर जास्त वेळ नाचतात, मग अजून माश्या तिथं जाऊन बघतात, आणि एका जागी पुरेशा माश्या जमल्या की ठरलं. माश्यांच्या नाचाचा अर्थ लावल्याबद्दल कार्ल फॉन फ्रिशला १९७३ चं नोबेल मिळालं. म्हणजे निर्णय होतो पण निर्णय घेणारा कुणी एक नाही.

नवीन डीएमनं हाच प्रकार घ्यावा असं मला वाटतं, मन कुणा एकात नाही, सगळ्यांच्या मधे आहे. राणी ठेवा, पण ती राज्य करत नाही हे तुम्हाला माहीत असू द्या आणि प्लेयरना उशिरा कळू द्या.

दुसरी पायरी : निरोप (इथं वेळ घाला)

वास, थरथर, नजर आणि टेलिपॅथी. यातलं एक मुख्य घ्या, फार तर दोन.

वासाचं उदाहरण घेऊ. मधमाशी चावली की नांगी कातडीत तुटून राहते आणि त्यातून धोक्याचा वास सुटत राहतो, पिकलेल्या केळीसारखा. त्या वासावर बाकीच्या माश्या त्याच माणसावर येतात. धूर केला की तो वास झाकला जातो आणि माश्या मध पोटात भरायच्या मागं लागतात, म्हणून मोहोळ काढणारे आधी धूर करतात. आता हेच टेबलावर आणा: ज्याला किडा पहिल्यांदा चावला त्याच्यावर खूण झाली. त्याच्यावर येणाऱ्या प्रत्येक किड्याला ॲडव्हांटेज, म्हणजे डी२० दोनदा टाकून मोठा आकडा धरायचा. खूण जाते ती पाण्यानं धुतल्यावर किंवा धुरात एक राउंड उभं राहिल्यावर. एवढाच नियम, पण फाइट कशी बदलते बघा, रोग (चोरपावलांचं पात्र) म्हणतो मला सोडा आणि पळा, क्लेरिक (देवाचा पुजारी) मशकातलं प्यायचं पाणी त्याच्या अंगावर ओतायला निघतो, फायटर ओली पाचट पेटवायला धावतो. आणि तुम्ही वर्णनात सुरुवातीलाच "पिकल्या केळीचा वास यायलाय" एवढं टाकून ठेवलं असेल तर तिसऱ्या फाइटला तो वास आला की सगळ्यांचे हात आपोआप डाइसकडं जातात.

थरथर हवी असेल तर वाळवी बघा. वाळवीच्या काही जातींत सैनिक डोकं जमिनीवर आपटतात आणि ती थरथर बोगद्यातून पुढं जाते, पुढचा सैनिक ऐकतो, तोही आपटतो. म्हणजे निरोप टप्प्याटप्प्यानं जातो आणि मधला एक टप्पा गप्प केला तर पुढं जात नाही. ज्यांना चोरपावलांनी खेळायला आवडतं अशा ग्रुपला हे लागू पडतं. नजरेचं उदाहरण आग्या मोहोळ. एकच भलं मोठं पोळं उघड्यावर लटकलेलं, गांधीलमाशी जवळ आली की पोळ्यावरच्या माश्या एकापाठोपाठ पोट वर उचलतात आणि सगळ्या पोळ्यावरून लाट सरकत जाते. अजिंठ्याच्या कड्यावर अशी मोहोळं असतात. लांबून बघा आणि परत या. अभ्यास करायचा म्हणून खालून दगड मारणं, जवळ जाऊन व्हिडिओ काढणं, सेंट मारून जाणं, हे कुणीही करू नका, आग्यामाश्यांच्या हल्ल्यात माणसं गेलीत.

टेलिपॅथी मात्र नवीन माणसानं टाळावी. सायन्स फिक्शनमधे शोभते कारण लेखकाच्या हातात सगळं असतं, पण टेबलावर सगळ्यांना सगळं लगेच कळत असेल तर प्लेयरच्या हातात करण्यासारखं काही राहत नाही. घ्यायचीच असेल तर अंतर ठरवा, समजा शंभर फूट, आणि त्यापुढं निरोप न्यायला एक वेगळा, मोठा, हळू चालणारा किडा ठेवा.

आता निरोपाचा खरा उपयोग, म्हणजे शिकणं. बोर्गवर तेच हत्यार दोन-चारदा चाललं की नंतर चालत नाही, ते तुम्ही इथं आणा. पाचव्या लेव्हलला विझार्डला फायरबॉल हा आगीचा मंत्र मिळतो, आठ डी६ चा (सहा बाजूंच्या आठ डाइसचा) मार, मधल्या बिंदूपासून चारी बाजूंना वीस फूट, किड्यांचा थवा एका फटक्यात साफ. मिळू द्या त्याला ती मजा. पण त्या फाइटमधून एक जरी किडा जिवंत सुटला तरी पुढच्या वेळेस किडे घोळक्यानं येणारच नाहीत, एकमेकांपासून लांब लांब पसरून येतील, आणि पहिला मोर्चा विझार्डवर. हे झालं की प्लेयर स्वतःच ओरडतात "तो बघ तो पळायलाय, सोडू नको त्याला!" एक हिट पॉइंटचा (एका फटक्यात मरेल असा) पळणारा किडा सगळ्या सेशनमधला सगळ्यात महत्त्वाचा शत्रू होतो. मला या सगळ्या प्रकारात हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

मोजायला सोपं पडावं म्हणून टेबलावर एक वाटी ठेवा आणि शेजारी मूठभर ज्वारी. निरोप पोचला की वाटीत एक दाणा, सगळ्यांच्या डोळ्यासमोर. पार्टीनं, म्हणजे प्लेयरच्या पात्रांच्या टोळीनं, निरोप तोडला की एक दाणा बाहेर. तीन दाण्यांना किडे पार्टीची एक युक्ती शिकतात, सहाला सैनिक येतात, दहाला सगळं वारूळ जागं. दाण्यांचा अर्थ सांगू नका, दुसऱ्या सेशनपर्यंत त्यांना आपोआप कळतो.

तिसरी पायरी : त्यांना पाहिजे काय

"माणसं खायची" हे उत्तर पुरत नाही. 'एंडर्स गेम'मधल्या राण्यांना आधी कळतच नाही की प्रत्येक माणूस हा वेगळा विचार करणारा जीव आहे, त्यांच्या हिशोबानं कामकरी मारणं म्हणजे कुणाला मारणं नव्हेच. हा गैरसमज उचला, यासारखं कारण मिळणं अवघड आहे.

पण आपल्याकडं याहून जवळचं कारण आहे, पाणी. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्यामुळं हंडा घेऊन रांगेत उभं राहणं काय असतं हे मराठवाड्यातल्या प्लेयरला समजावून सांगावं लागत नाही. वाळवीचं अंग मऊ, ओल नसली की ती मरते, म्हणून ती मातीचे बोगदे करून आतून चालते आणि पाण्यासाठी खोल खणते. तर तुमचा व्हिलन गावावर चालून आलेलाच नाही, तो खालून त्याच झऱ्यापर्यंत पोचलाय ज्याच्यावर गावाची विहीर आहे. गाव म्हणतंय विहीर आटायली, वारूळ म्हणतंय वरून कुणीतरी आमचं पाणी ओढायलंय. दोघंही खरं बोलायलेत.

चौथी पायरी : अंगं

चार प्रकारांच्या वर जाऊ नका, लक्षात राहत नाहीत, तुमच्याही आणि त्यांच्याही. कामकरी, सैनिक, निरोप्या आणि एक विचित्र. 'स्टारशिप ट्रूपर्स'मधले कामकरी किडे दिसायला सैनिकासारखेच पण लढतच नाहीत, आणि माणसं त्यांच्यावर दारूगोळा वाया घालवतात. हे उचलाच, पहिल्या फाइटमधे आठ किडे, त्यातले दोनच सैनिक, ओळखायला परसेप्शन (बारकाईनं बघणं) किंवा नेचर (निसर्गाची माहिती) या कौशल्याचा रोल. कोळी मात्र यात घालू नका, आठ पायांचा कोळी कीटकांत येत नाही आणि टेबलावर कृषीचं शिकणारं कुणी असेल तर ते लगेच धरतंय.

बारीक किड्यांच्या गर्दीसाठी नवीन काही बनवू नका, नियमांत किड्यांचा थवा एकच मॉन्स्टर धरून दिलेला आहे, २२ हिट पॉइंट, तलवार-बाणाचा मार निम्माच लागतो, आणि थवा अर्ध्यावर आला की त्याचाही मार निम्मा होतो.

पाचवी पायरी : किडा दिसायच्या आधी खूण दिसली पाहिजे

कापसाच्या शेतात गुलाबी बोंडअळी आलीये हे शेतकऱ्याला अळी बघून कळत नाही, ती बोंडाच्या आत. २०१७ मधे मराठवाड्यात आणि विदर्भात तिनं कापसाचं काय केलं ते ज्यांच्या घरी कापूस होता त्यांना विचारा, बाहेरून झाड हिरवंगार आणि बोंड फोडलं की आत किडकं. पण आधी एक खूण येते, डोमकळी. फूल नीट उमलत नाही, पाकळ्या एकमेकांना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या बंद राहतात, आणि सोडवून बघितलं की आत अळी.

हे जसंच्या तसं सेशनमधे वापरा. पार्टी गावात येते, किडा कुठंच नाही. सांजच्याला एक म्हातारी अंगणात बसून फुलं निवडायली, देवाला घालायची. एक फूल ती बाजूला ठेवते, मग दुसरं, मग तिसरं. प्लेयरनं विचारलं का बाजूला ठेवलं तर म्हणती, "उमलंना झालंय बाबा, आठ दिस झाले, सगळ्या गावात." कुणीतरी फूल सोडवतो. आत अळी नाही, आत त्याच्याकडं बघणारा एक बारीक डोळा आहे. इथं थांबा, डाइस मागू नका, त्यांना बोलू द्या.

अशा तीन खुणा आधीच लिहून ठेवा आणि तिन्ही तुमच्या निरोपाशी जुळवा. निरोप थरथरीचा असेल तर गावातल्या भांड्यांतलं पाणी हलतं, वासाचा असेल तर कुत्री एका गल्लीत जात नाहीत.

कामगंध सापळाही विसरू नका. शेतात लावतात तो, मादी पतंगाच्या वासाची गोळी ठेवायची, नर त्या वासावर येतात आणि अडकतात. म्हणजे शत्रूचाच निरोप खोटा करून त्याच्यावर उलटवायचा. अल्केमिस्टला, ड्रुइडला हे सुचलं तर हो म्हणा, अवघड रोल मागू नका, सुचलं हेच पुष्कळ आहे.

सहावी पायरी : गाव पार्टीच्या बाजूनं नसू द्या

नागपंचमीला आपल्याकडं बाया वारुळाला जातात, पूजा करतात, गाणी म्हणतात. मग तुमच्या गोष्टीतल्या गावानं वारूळ खणू का द्यावं? पार्टी कुदळी घेऊन निघाली की पाटलीणबाई वाटेत उभ्या राहतात, "आमच्या सासूच्या सासूनं पुजलेलं वारूळ हाय हे, हात लावाल तर खबरदार." त्या मूर्ख नाहीत आणि किड्यांच्या ताब्यातही नाहीत, त्यांना तसं दाखवू नका. उलट वारुळाला त्यांच्या गाण्याची थरथर ओळखीची आहे, त्या असताना एकही सैनिक वर येत नाही, हे पार्टीच्या लक्षात आलं की पुढचा रस्ता तिथून निघतो.

सातवी पायरी : किडे बोलले तर

बोलावंच असं नाही. बोलवायचं असेल तर एकाच तोंडानं पूर्ण वाक्य बोलवू नका. एक एनपीसी (डीएम चालवतो ते पात्र) अर्धं म्हणतो, कोपऱ्यातलं पोरगं पुढचं म्हणतं, शेवटचा शब्द दाराबाहेरून येतो. आणि त्यांना असं काहीतरी माहीत असू द्या जे फक्त काल मारलेल्या किड्यानं बघितलं होतं. धमकी देऊ नका, प्रश्न विचारू द्या, "तुमच्यातला एक मेला, मग बाकीचे अजून वेगवेगळे कसे?" याला उत्तर देता देता प्लेयर खूप चांगलं रोलप्ले करतात.

आठवी : जागा

शेवटच्या भागासाठी देवगिरीचा किल्ला डोळ्यासमोर आणा, नाव बदला. चारी बाजूंनी तासलेला कडा, खंदक, आणि वर जायला अंधारी, डोंगरातून वळत जाणारी काळोखी वाट. तिच्या वरच्या तोंडाशी आग पेटवून खालून येणारा शत्रू धुरानं गुदमरवायची सोय होती. आता यात तुमचं वारूळ बसवा. निरोप वासाचा असेल तर हाच धूर किड्यांना आंधळं करतो, पण पार्टीही त्याच वाटेत आहे, तर आग कधी पेटवायची आणि कोण वर थांबणार, हा निर्णय शेवटच्या फाइटपेक्षा मोठा होतो. शहर हवं असेल तर संभाजीनगरची नहर-ए-अंबरी आहेच, सतराव्या शतकात मलिक अंबरनं जमिनीखालून आणलेलं पाणी. पाण्याची भुयारं आणि पाण्यासाठी आलेलं वारूळ, दोन्ही एकत्र बसतात.

नववी : शेवट कसा होऊ शकतो

राणी मारली की सगळं थांबतं, हा शेवट नको. मधमाश्यांची राणी गेली तर कामकरी माश्या अगदी कोवळी अळी निवडतात, तिला राजान्न भरवत राहतात आणि साधारण दोन आठवड्यांत नवी राणी बाहेर येते. म्हणजे पार्टीनं राणी मारली तर जिंकली असं नाही, दोन आठवडे मिळाले. तेवढ्यात काय करणार? वारुळात वाळवी बुरशीची शेती करते, पावसात वारुळावर अळिंबी उगवते ती त्यातलीच, ती शेती गेली तर अन्न गेलं. किंवा निरोप कायमचा तोडून एका वारुळाची दोन वारुळं करायची जी एकमेकांना ओळखत नाहीत. किंवा पाण्याचा करार, रात्रीचं पाणी त्यांचं, दिवसाचं गावाचं, आणि दोघांच्या मधे निरोप नेणारा म्हणून पार्टीतला एकजण. यातलं कुठलंच तुम्ही आधी ठरवू नका, तिन्ही शक्य आहेत एवढं बघा.

तयारीला एक पान पुरतं. मन कुठं, निरोप कसा, तो तोडायचा कशानं, पाहिजे काय, तीन खुणा, चार अंगं, एक जागा. एवढं लिहून पहिलं सेशन घ्या, आणि सेशन झाल्यावर चहाला बसलात की प्लेयरना विचारा, किडे एकमेकांना कसं सांगत असतील असं वाटतंय? त्यांचा अंदाज तुम्ही लिहिलेल्यापेक्षा चांगला निघाला तर पान खोडा आणि पुढच्या सेशनपासून तोच खरा धरा.